भर पावसाळ्यात जुनी बाग हलवायची तर

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत झाली असेल तर लगेच कळेल. पुण्यातल्या कर्वेनगरचा बंगला पाडून तिथे इमारत होणार आहे आणि ३१ जुलैला जागा रिकामी करून द्यायची आहे. सासूबाईंनी लावलेला १४ वर्षांचा कलमी सोनचाफा, डोक्याच्या वर गेलेला अनंत, मोगऱ्याची दोन थोराड झुडपं, पारिजातक, कढीपत्ता, सोनटक्का, देवचाफा आणि फाटकावरची बोगनवेल असं सगळं भावाच्या मुळशीकडच्या शेतात न्यायचं आहे. हातात पाच आठवडे. आणि जिथे तिथे वाचायला मिळतं की झाड वाढीला लागलेलं असताना हलवू नये, हिवाळ्यापर्यंत थांबावं. तुम्हाला थांबता येत नाही, म्हणून विचारता आहात की ही झाडं जगतील का.

बहुतेक जगतील. सोनचाफ्याची हमी मी देणार नाही, कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. तुम्ही सगळी बाग आहे तशी उचलून न्यायला निघाला आहात. त्यातली निम्मी झाडं उचलायची गरजच नाही, त्यांची पिल्लं नेली तरी तेच झाड पुढे चालू राहतं. ताकद, माणसं आणि पैसा ज्या दोन-तीन झाडांना खरंच लागणार आहे, तिथेच तो खर्च करा.

आता ते हिवाळ्याचं. हा सल्ला खोटा नाही, फक्त तो थंड मुलखातला आहे. तिकडे पानगळ झाली की झाड झोपतं. पानंच नाहीत म्हटल्यावर पाण्याचा खर्च नाही, त्यामुळे मुळं तुटली तरी त्याला फारसं कळत नाही. वसंतात जाग येईपर्यंत जखमा भरून आलेल्या असतात. आपल्याकडे सोनचाफा आणि अनंत डिसेंबरातही पानांनी भरलेले असतात. पुण्याची थंडी कोरडी, दुपारचं ऊन कडक आणि माती गार. म्हणजे पानं पाणी उडवत राहतात, मुळं मात्र सुस्त. ती जरा कुठे धरायला लागतात तोवर फेब्रुवारीअखेर ऊन तापायला लागतं. जुलैत सगळं उलट असतं. हवा दमट, आभाळ झाकलेलं, माती ऊबदार, मुळं जोरात धावतात. आपल्याकडची सदाहरित झाडं हलवायला मला पावसाळाच आवडतो, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी रोपं लावायला मृग-आर्द्रा धरली ती काही उगाच नाही.

मग वाढीच्या काळात धोका कशाचा? कोवळ्या पालवीचा. तांबूस, लुसलुशीत पानं फुटलेली असताना झाडाने साठवलेलं सगळं तिकडे लावलेलं असतं, आणि त्या पानांना पाणी धरून ठेवता येत नाही. अशा वेळी मुळं तोडली की दोन दिवसांत शेंडे माना टाकतात. तीच पालवी पिकून गडद झाली, बोटाने वाकवल्यावर कडक लागली, की झाड जरा थबकतं. त्या थबकण्यात त्याला उचलायचं. तारीख पंचांगात बघण्यापेक्षा पानात बघा. एकाच बागेत अनंत तयार असेल आणि पारिजातक नसेल, असंही होतं.

दुसरा धोका उघडिपीचा. आठवडाभर रिपरिप आणि मग एकदम चार दिवस लख्ख ऊन पडतं. पावसाळ्यात हलवलेली झाडं मेली तर बहुतेक याच चार दिवसांत मरतात, कारण ‘पाऊस चालू आहे’ म्हणून कोणी पाणी घातलेलं नसतं.

कामाला हात लावायच्या आधी एक कागदी काम. शहरी हद्दीतली झाडं तोडायला किंवा दुसरीकडे हलवायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी. पुनर्विकासाच्या कामात बिल्डर बहुधा झाडांची यादी महापालिकेकडे देतो. तुमचा सोनचाफा आणि पारिजातक त्या यादीत कसे दाखवले आहेत हे आजच विचारा, आणि उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांकडे जाऊन या. कुंडीएवढ्या झुडपांचा प्रश्न येत नाही, पण मनगटाएवढं खोड झालं की विचारलेलं बरं. हे राहून गेलं आणि टेम्पो फाटकात अडवला, असं मी पाहिलं आहे. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बांधलेलं झाड तीन दिवस रस्त्यावर उभं होतं.

आता सोनचाफा, कारण तुमचा जीव त्याच्यातच अडकला आहे हे प्रश्नावरून दिसतंच.

या झाडाची मुळं दोरखंडासारखी असतात. जाड, मांसल, फाटे कमी. जास्वंदीसारखं बारीक तंतूंचं जाळं खोडाजवळ नसतं. पाणी ओढणारी केसासारखी मुळं टोकाला, खोडापासून लांब असतात. त्यामुळे तुम्ही नीट गोल खणून झाड उचललंत तरी हातात येतात ती फक्त जाड मुळं. पाणी पिणारं तोंड मागे जमिनीतच राहतं. म्हणून याला आधी सवय लावावी लागते, आणि पाच आठवडे त्याला जेमतेम पुरतात. परवानगीचं काय ते कळलं की लगेच सुरुवात करा.

खोडाची जाडी मोजा. तुम्ही मनगटाएवढं म्हणता, म्हणजे ६-७ सेंटिमीटर धरू. हुंडीचा व्यास याच्या दहा ते बारा पट लागतो, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर, खोली ४५-५०. तेवढ्या वर्तुळाचे मनातल्या मनात चार भाग करा. पहिल्या दिवशी समोरासमोरच्या दोन भागांतच वीतभर रुंद चर खणायचा. पहार लावून मुळं फाडायची नाहीत. माती बाजूला करून मुळं उघडी करायची आणि कात्रीने किंवा धारदार करवतीने स्वच्छ कापायची. फाटलेलं मूळ सडतं, कापलेलं मूळ त्याच जागेवरून नवे तंतू सोडतं. चर परत भरताना तीच चिकट काळी माती टाकू नका. कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू अर्धी-अर्धी घ्या. नवी मुळं त्या भुसभुशीत भागात येतील, आणि तीच तुमच्याबरोबर मुळशीला जाणार आहेत. मी त्यात मूठभर ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळांची कूज रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळतो. तुम्ही मिसळलंत तर मग तिथे तांब्याचं बुरशीनाशक ओतू नका, दोघांचं पटत नाही. दोन आठवड्यांनी उरलेले दोन भाग तसेच कापायचे. सगळीकडून एकदम कापलं तर ते हलवल्यासारखंच झालं, मग आधी चर मारण्यात अर्थ काय?

खणायचं ते वाफशावर. तुमच्याकडे काळी माती असणार, ओली असताना ती पायाला चिखल होऊन येते आणि त्यातून काढलेली हुंडी उचलता उचलता बसते. कोरडी असताना ढेकळं पडतात. मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला, पण बोटाने टोचल्यावर मोडला, आणि तळहात चिकट झाला नाही, तर तो दिवस तुमचा. पुण्याच्या जुलैत असे दिवस मोजकेच मिळतात. माणसं तयार ठेवा, आदल्या दिवशी फोन करून येणारी नकोत.

आता छाटणी. यावर माळ्यांशी माझे वाद होतात. बहुतेक जण झाडाचा शेंडा उडवून खुंट करतात, कारण उचलायला सोपं पडतं. सोनचाफ्याला हे करू नका. नवी मुळं फुटायचा निरोप शेंड्यांतल्या कळ्यांकडूनच खाली जातो. मी फांद्या ठेवतो, पानं कमी करतो. उचलायच्या दोन दिवस आधी मोठी, जुनी पानं देठापासून कात्रीने निम्मी काढायची, शेंड्याची चार ठेवायची. झाड भिकाऱ्यासारखं दिसतं, दिसू द्या. कळ्या असतील त्या सगळ्या खुडा. शेवटचा वास घ्यायचा म्हणून दोन ठेवू नका, त्या दोन कळ्यासुद्धा पाणी मागतात.

एवढ्या हुंडीचं वजन अडीचशे-तीनशे किलो भरतं. पाच-सहा माणसं, दोन फळ्या आणि खाली सरकवायला लोखंडी पाइपचे तुकडे लागतील. हुंडीला गोणपाट गुंडाळून सुतळीने करकचून बांधा. प्लॅस्टिकची खताची पोती नकोत, ती घसरतात. आणि कोणीही खोडाला धरून उचलणार नाही हे आधीच बजावा. खोडाला हिसका बसला की आत मूळ आणि माती यांची फारकत होते, बाहेरून काही दिसत नाही. दक्षिणेकडच्या बाजूला खोडावर खडूची खूण करा, तिकडेही तीच बाजू दक्षिणेला ठेवायची. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली साल एकदम उन्हात आली तर भाजते. छोट्या हत्तीत झाड आडवं जाईल, पण वरून शेडनेटने झाका. चालत्या गाडीचा वारा पावसातसुद्धा पानं सुकवतो.

मुळशीकडचा खड्डा झाड निघायच्या आधी तयार हवा. रुंदी हुंडीच्या दुप्पट, खोली मात्र हुंडीएवढीच, किंबहुना चार बोटं कमी. तिकडचा पाऊस पुण्यापेक्षा कितीतरी जास्त आणि जमीन बहुधा मुरमाड. मुरमात खोल खड्डा खणला की तो हौद होतो. माझ्या हातून एक सोनचाफा असाच गेला. नवीन होतो, साताऱ्याकडचं काम होतं. झाड दिमाखात उभं राहिलं, दहा दिवस पान हललं नाही, मालक खूश, मीही खूश. घरातले लोक रोज संध्याकाळी प्रेमाने पाइप लावत होते. पंधराव्या दिवशी पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणून मी अजून पाणी द्यायला सांगितलं! महिन्याने उपटलं तर खालून आंबूस वास आला. मुळं काळी पडून बोटात सुटत होती. पाण्याला वाट नव्हती, आणि ती चूक माझीच होती. तेव्हापासून खड्ड्यात दोन बादल्या ओतून बघतो. तास-दोन तासांत पाणी उतरलं नाही तर उताराच्या बाजूला चर काढतो किंवा झाड उंचवट्यावरच लावतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तुमची हुंडी काळ्या मातीची आणि खड्डा मुरमाचा. उघडीप पडली की काळी माती आकसते, मुरूम आकसत नाही. मधे बोटभर फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. हुंडी आत कोरडी ठाक, बाहेरची जमीन ओली. म्हणून इथली चार-पाच पोती काळी माती बरोबर न्या आणि तिकडच्या मातीत मिसळून ती हुंडीभोवती भरा. भरताना पायाने तुडवू नका, पाणी सोडत बसवा. गोणपाट वरून आणि बाजूंनी कापून काढा, नाहीतर वाळवीला आमंत्रण. कलमाचा जोड मातीच्या वर दिसला पाहिजे. तीन बाजूंनी बांबू लावून झाड बांधा, कारण वाऱ्याने बुंधा डुलत राहिला तर नवे तंतू रोज तुटतात. शेणखत, युरिया, डीएपी यातलं काहीही नको. जखमी माणसाला आपण जेवणाचा आग्रह करत नाही.

अनंताचं काम यापेक्षा सोपं. त्याची मुळं वरच्यावर आणि तंतुमय, हुंडी रुंद पण उथळ काढायची. फुटभर खोली पुरते. उंची एक तृतीयांश कमी केली तरी तो रागावत नाही. कळ्या सगळ्या गळतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, अनंत कुंडी इकडची तिकडे केली तरी कळ्या टाकतो. तिकडे बोअरचं जड पाणी घालणार असाल तर पानं शिरांमधून पिवळी पडतील. पावसाचं पाणी साठवून तेच द्या. विमा म्हणून अर्धवट जून झालेल्या फांद्यांचे वीतभर लांबीचे दहा-बारा तुकडे आजच वाळू-कोकोपीटमध्ये लावून ठेवा. या हवेत त्यातले काही धरतातच. गुटी कलमसुद्धा होतं, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून तिथे मुळं फोडायची, पण त्याला मुळं यायला तुमच्याकडे पुरेसे दिवस नाहीत.

मोगऱ्याला गुडघ्याएवढं छाटा, सगळी पानं काढा आणि खुशाल उचला. तो कणखर आहे, बहारही संपत आला आहे. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना बहुधा मुळं सुटलेली असतील, ती पिल्लं वेगळी काढून घ्या. पारिजातकही कडक छाटणी सोसतो, कमरेएवढा ठेवला तरी फुटतो. मात्र यंदाच्या फुलांवर पाणी सोडावं लागेल. झाडाखाली बियांची रोपं उगवलेली असतील, हातभर उंचीची चार घेतलीत तर मोठं झाड नेण्याचा खटाटोपही वाचेल. मी असतो तर रोपंच नेली असती, पण सासूबाईंचं झाड म्हटल्यावर हिशेब बदलतो, ते मला कळतं.

कढीपत्त्याचं मूळ झाड सोडून द्या. त्याचं सोटमूळ खोल जातं, ते तुटल्याशिवाय निघत नाही. पण त्याच्या आजूबाजूला मुळांवरून फुटवे आले असतील. त्यांचा आईशी जोडलेला भाग एका बाजूने आज कापा, तीन आठवड्यांनी मातीसकट उचला. बोगनवेलीचं तेच. तिची मुळं ठिसूळ, माती धरत नाहीत, हुंडी हातात फुटते. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे तुकडे लावा आणि मोकळ्या व्हा. सोनटक्का म्हणजे हळदीचाच नातेवाईक, पानं हातभर ठेवून कापा आणि गड्डे खणून काढा. ऑगस्टची फुलं कदाचित जातील, पुढच्या वर्षी दुप्पट येतील.

देवचाफा मात्र या सगळ्यांच्या उलट वागतो. तो खरोखर झोपणारा आहे, हिवाळ्यात पानं झाडून उघडा बसतो. हिवाळ्यात हलवा हा सल्ला आपल्याकडे कोणाला लागू पडत असेल तर यालाच. आत्ता पावसात उचललात तर कापलेल्या जागी पाणी जाऊन कूज धरण्याची भीती. त्यापेक्षा दीड-दोन फुटांच्या चार फांद्या कापा, पानं काढा, चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस छपराखाली उभ्या ठेवा आणि मग कोरडसर वाळूत लावा. पावसात ठेवू नका, रोज पाणीही देऊ नका. या झाडाला दुर्लक्ष मानवतं.

हलवल्यानंतर रोज पानं मोजत बसाल, म्हणून एक खूण सांगून ठेवतो. पानं पिवळी होऊन आपोआप गळाली तर घाबरू नका. पान गाळायला झाड जिवंत असावं लागतं, तो त्याने स्वतः कमी केलेला खर्च आहे. पानं वाळून तपकिरी झाली आणि तरी फांदीला लटकूनच राहिली, तर ती फांदी गेली. शंका आली तर सालीवर नखाने ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर वाट बघा, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली कापत या.

पाण्याचा अंदाज आजूबाजूच्या जमिनीवरून घेऊ नका, हुंडीतच बोट घालून बघा. पाऊस दोन दिवस थांबला की तिसऱ्या दिवशी सकाळी तपासायचंच. भाऊ शेतावर रोज नसेल तर हे काम कोण करणार ते आधी ठरवा. झाड कोणत्या दिवशी उचललं यापेक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे कोण आहे, यावर जास्त अवलंबून आहे. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत, नवरात्राच्या सुमाराला, पश्चिमेच्या बाजूने शेडनेट उभं करा आणि आळ्यात पाचोळ्याचं जाड आच्छादन टाका. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका.

सोनचाफ्याला महिन्याभरात नवी पालवी फुटली तर पेढे वाटायची घाई करू नका. ती खोडात साठलेल्या शिदोरीवर येते, मुळं मेलेली असतानाही येऊ शकते. ती पालवी पिकून गडद झाली आणि त्यानंतर पुन्हा एकदा फूट आली, की समजायचं खाली मुळांनी नवी माती धरली. मग दिवाळीनंतर पहिलं घमेलंभर जुनं शेणखत घाला, तेही खोडापासून दोन हात लांब.